घंटेसारखी टांगलेली गाडी

झेनोबियाबाईंच्या लाल ‘मालुख’ गाडीचा नुसता सांगाडा उरला, तेव्हा चौघांनी मिळून तो उचलला आणि इग्नात्सी रेंबिशच्या कोठारात आणून ठेवला. इंजिन नाही, चाकं नाहीत, काचा नाहीत. बुड असं गंजलेलं की खालून बोट लावावं तर ते आत बसायच्या जागेपर्यंत जावं. नवरा टाडेक वारल्यापासून बाईंनी ती गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झाकून ठेवली होती. आता त्यांच्या मनानं घेतलं होतं की जुलैत संत क्रिस्तोफरच्या दिवशी फादर सगळ्या गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा टाडेकची गाडीही रांगेत उभी असावी.

उचलणाऱ्यांत गुस्ताव होता. त्याच्या जिभेला हाड नाही.

“आडवी पाड दोन जुन्या गाद्यांवर, आणि लाव ठिगळं,” तो म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी आपापल्या अशाच केल्या.”

“गाय विते तसं आडवं पाडून काम करायचं असतं तर बाईंनी तुलाच नसतं का सांगितलं?” इग्नात्सी म्हणाला. “मी हिच्यासाठी फिरता घोडा करणार. पुढे एक खांब, मागे एक खांब, दोन्हींत आस. हवी तशी कलती करायची, आणि उभ्यानं जोडकाम करायचं.”

“कर बाबा. फक्त हिला तडा जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं.”

चौघेही हसले. इग्नात्सीनं खाली वाकून उगाचच एक पाना उचलला. चहाचे पेले घेऊन दारात उभ्या असलेल्या लेओकादियाला, त्याच्या बायकोला, ते दिसलं.

गुस्ताव बोलला ते चर्चच्या तडकलेल्या घंटेवरून, नुसतं थट्टेनं; खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इग्नात्सी एकोणिसाव्या वर्षापासून ओल्शाना गावच्या चर्चचा घंटावाला. घंटांचं लोखंडकाम करता करता तो जोडकाम शिकला, छपराची गळती काढायला शिकला, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, मेणबत्त्या कापायलाही शिकला. एकेचाळीस वर्षांत दोनदाच त्याची वेळ चुकली: एकदा स्वतःच्या लग्नात, एकदा मुलगी झाली तेव्हा. तीन घंटांतली सगळ्यांत मोठी उर्शुला. घरात बायकोला कधी ‘सोने’ म्हटलं नसेल, पण उर्शुलाला म्हणायचा. मग चर्चच्या मंडळानं ठरवलं, आता यंत्र बसवायचं. गोर्लित्से शहरातून सेवेरिन नावाचा तरुण आला आणि आठवड्यात तिन्ही घंटांना मोटारी लावून गेला. जाताना फादरांच्या देखत सांगून गेला, “हाडं गोठवणारी थंडी पडली की मोठीला हात लावायचा नाही, गारठलेला धातू तडकतो. तिचं बटण वेगळं ठेवलंय, ते बंद करायचं.”

त्याच हिवाळ्यात, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला, पारा उणे सव्विसावर गेला. यंत्राचं बटण बंद होतंच. इग्नात्सी दुपारी जुना दोर खांद्यावर टाकून मनोऱ्यात चढला, मोटार सोडवली आणि उर्शुला हातानं ओढली. फक्त एकदा लोकांनी ऐकावं, माणसाच्या हातची घंटा कशी बोलते ते. चौथ्या टोल्याला मडकं फुटल्यासारखा आवाज आला. त्यानं दोर सोडला, मोटार पुन्हा जोडली आणि खाली उतरला. पुढच्या रविवारी थंडी ओसरली, यंत्र चालू केलं, तर उर्शुला घोगरी. “यंत्रानं बडवली बिचारीला,” गाव म्हणालं; सणाच्या दुपारचे चार टोलेही यंत्रानंच आपोआप दिले असं सगळ्यांनी धरलं. सेवेरिननं शपथा घेतल्या, ऐकतो कोण? आसपासच्या गावांनीही त्याला दिलेली कामं काढून घेतली. इग्नात्सीनं तोंडातून ब्र काढला नाही.

लेओकादियाला सगळं ठाऊक होतं. त्या दुपारी ती वेदीवरची कापडं बदलत होती. नवरा दोर घेऊन चढताना तिनं पाहिला, आणि पांढराफटक होऊन उतरताना पाहिला. त्यानं तिला पाहिलं नाही. तिनं विचारलं नाही. आज सांगेल, उद्या सांगेल, असं करत ती थांबली, आणि थांबता थांबता तिचंही गप्प बसणं पापासारखं जड होऊन बसलं.

तेव्हापासून मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायची वेळ आली की इग्नात्सी बाकावरच बसून राहायचा. बाकामागून बाक उठतो, सगळे वेदीकडे जातात, आणि कापणी झालेल्या शेतात एखादं खुंट राहावं तसा हा एकटा. मनात पाप ठेवून प्रसाद घ्यायचा नाही एवढी चाड त्याला होती. पाप सांगून टाकायची हिंमत नव्हती. जपमाळ मंडळातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. “काय गं लेओकादिया, तुझ्या नवऱ्याचं गुडघ्याचं दुखणं अजून बरं नाही का?” दोन ईस्टर असे गेले. ईस्टरलाही जो प्रसाद घेत नाही तो आपल्यातून गेला, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिसरा ईस्टर तीन आठवड्यांवर आला होता. लेओकादिया रोज पहाटे एकच मागायची: याचं तोंड उघड, देवा. हा आणि मी असे कुजून जायला नकोत.

फिरत्या घोड्याचं काम मात्र झपाट्यानं सुरू झालं. दोन आठवडे कोठारातून निळा उजेड आणि जळक्या लोखंडाचा वास येत होता. यंत्र बसवलं तेव्हा मनोऱ्यातलं जुनं लोखंड काढून फादरांच्या घरामागे टाकलेलं होतं. ते इग्नात्सी विचारून घेऊन आला. उर्शुलाची आस ज्यांत फिरायची ते पितळी कान त्यात होते. त्यानं ते रॉकेलनं धुतले, चरबी लावली आणि पोटच्या पोरीला न्हाऊ घातल्यासारखे कोरडे करून ठेवले. गाडीच्या दारांच्या चौकटीत त्यानं आधी नळ्यांच्या फुल्या जोडल्या, म्हणजे बुड कापलं तरी सांगाडा दुमडायला नको. तेवढं त्याचं शिस्तशीर होतं. मग पुढच्या-मागच्या बंपरच्या जागी जाड पट्ट्या बसवल्या, त्यांना वर उंच हात काढले, आणि आस नेली पार छपराच्या उंचीला.

लेओकादिया त्याला आंबट पिठाचं सूप घेऊन आली, बिनमांसाचं, कारण उपवासकाळ होता. त्या आसेकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

“इग्नात्सी, ही एवढी वर का?”

“मग कुठे? खाली?”

“सळईवर कोंबडी भाजताना सळई पाठीलगत घुसवली तर छातीकडची बाजू सारखी खाली लोंबते. कितीही फिरव, ती परत येते. ऐन मधून घातली की मग जिथे थांबवावी तिथे थांबते.”

“उपवासकाळात कोंबडीचं नाव काढतेस, देवभोळी बाई!” त्यानं चमचा सुपात बुडवला. “अगं, परत येते तेच तर बरं. घंटाही वरूनच टांगतात. काहीही झालं तरी ती आपोआप सरळ होते. म्हणून सुरक्षित.”

“घंटा परत येण्यासाठीच असते. गाडी तर तुला आडवी धरून ठेवायचीय.”

“त्यासाठी पिन आहे. आता तू मला टांगायला शिकवणार? एकेचाळीस वर्षं मी काय ताक घुसळत होतो?”

ती गप्प बसली. गप्प बसायची तिला सवयच झाली होती.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या मंगळवारी सांगाडा घोड्यावर चढला. दिसायला इतका देखणा की लेओकादियालाही क्षणभर वाटलं, आपण उगाच शंका काढली. लाल सांगाडा दोन काळ्या खांबांच्या मधे अधांतरी लटकत होता. बोट लावलं की डुलायचा. इग्नात्सीच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत दिसलं नव्हतं असं काहीतरी आलं. तो म्हणालासुद्धा, “बाई बघतील तेव्हा रडतील गं.”

“आता काय करायचं?”

“मी दांड्यानं हिला कलती करतो. बुड माझ्याकडे आलं की तू त्या भोकात पिन सरकव. बस्स.”

तो दांड्यावर लोंबकळला. शंभर-सव्वाशे किलोचं लोखंड कुरकुरत वर गेलं, गंजलेलं बुड भिंतीसारखं उभं राहिलं. लेओकादियानं पिन सरकवली. त्यानं हळूच हात काढले. थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“पाहिलंस?” तो म्हणाला आणि डोळ्यांवरचा मुखवटा आणायला वळला.

अशी आडवी धरलेली गाडी म्हणजे सगळा भार एका पिनेवर. पिन आधी नुसती वाकली. लेओकादियाला ती वाकताना दिसली. तिनं दोन्ही हात पुढे केले, पडणाऱ्या पोराला झेलायला करावेत तसे.

“धरू नकोस! बस खाली! खाली!”

तो आवाज तिनं लग्नाच्या चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ती मटकन खाली बसली. डोक्यावरून काहीतरी वारा घालत गेलं, खांद्याला ओझरतं लागलं, आणि पलीकडे कोठाराच्या ओकच्या खांबावर असा दणका बसला की छपरातली धूळ खाली आली. सांगाडा परत आला. पुन्हा गेला. पुन्हा दणका, थोडा हलका. सुटलेल्या घंटेला माणसानं कधी हात घालायचा नाही, हे इग्नात्सीच्या रक्तात होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सांगाडा आपोआप शांत होईपर्यंत हलला नाही. मग धावत आला.

“कुठे लागलं? लेओशा, बोल. कुठे?”

“खांदा. हलतोय हात. ठीक आहे.”

खांदा सुजणार होता, पण मोडला नव्हता. गाडीचं तसं नव्हतं. उजव्या दाराखालचा कोपरा चार बोटं आत गेला होता, फुलीची एक नळी तुटली होती, आणि चौकट अशी कलली होती की दार पुन्हा बसलंच असतं तर नशीब. छपराला एक लांब सुरकुती पडली होती. इग्नात्सीनं त्या सुरकुतीवरून हात फिरवला. मग जमिनीवरून वाकडी पिन उचलली.

“कच्चं लोखंड,” तो म्हणाला. “दुकानदारानं फसवलं. असली पिन देतात का कुणी? मी बाईंना हेच सांगणार. पिन त्याची...”

“पुन्हा?” लेओकादिया म्हणाली.

तो थबकला. “पुन्हा काय?”

“पुन्हा दुसऱ्याच्या माथी? आधी सेवेरिन. आता दुकानदार.”

इग्नात्सी हळूहळू एका उलट्या खोक्यावर बसला.

“तू... केव्हापासून?”

“त्याच दिवसापासून. मी वेदीपाशी होते.”

“आणि दोन वर्षं बोलली नाहीस?”

“तू बोलशील म्हणून.” मग तिचा आवाज चिरला. “हे माझंही पाप आहे, इग्नात्सी. मी म्हणत राहिले, त्यानं स्वतः सांगितलं तरच त्याला मोल. त्यात त्या पोराची दोन वर्षं गेली. मला जपमाळ हातात घ्यायची लाज वाटते.”

त्यानं हातातली वाकडी पिन खाली ठेवली. नंतर म्हणाला, “मी आस वर घेतली. तू सांगत होतीस आणि मी घेतली.” एवढं म्हणून त्यानं टोपी घातली आणि बाहेर पडला.

झेनोबियाबाई ईस्टरसाठी अंडी रंगवायला कांद्याची सालं उकळत होत्या. इग्नात्सी उंबऱ्यातच बोलला. “बाई, टाडेकची गाडी मी वाकवली. पिन वाकली, पण पिनेचा दोष नाही. मी आस चुकीच्या जागी लावली. माझ्या हातून झालं. जुलैपर्यंत नाही व्हायची. कदाचित कधीच सरळ नाही व्हायची.” हे त्यानं घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं, पाठ केल्यासारखं.

“मग बाई काय म्हणाल्या?” लेओकादियानं विचारलं. ती खांद्याला थंड पाण्याची घडी लावून बसली होती.

“आधी चमच्यानं सालं ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, टाडेकनं ती दोनदा ओढ्यात घातली होती, पण दोन्ही वेळा म्हणे रस्ताच खराब होता. ओढ्यात मी घातली असं त्याच्या तोंडून एकदा ऐकायला मिळालं असतं तर आपल्याला केवढं बरं वाटलं असतं. आणि मग रडल्या. गाडीसाठी की टाडेकसाठी, मला कळलं नाही.” तो थांबला. “तिथून मी फादरांकडे गेलो.”

लेओकादियाच्या हातातली घडी तशीच राहिली.

“फादर नव्हते. अपोलोनिया होती.”

“अपोलोनिया!” फादरांची ही स्वयंपाकीण म्हणजे गावचा दवंडीवाला. “तिला नाही ना काही...?”

“सांगितलं. म्हटलं, परत जाईन तोवर पुन्हा तोंड बंद व्हायचं माझं. पिठाचे हात घेऊन उभी होती बिचारी. सगळं ऐकलं, आणि म्हणाली, ‘इग्नात्सीभाऊ, हे पापनिवेदन नव्हे हो, मला गुपित ठेवायला जमणार नाही.’ मी म्हटलं, नकोच ठेवू.”

संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ओल्शानात ती गोष्ट न कळलेला एक कुत्रासुद्धा उरला नाही. बुधवारी जपमाळ मंडळात लेओकादिया गेली, तेव्हा बोलणं तिच्या पायांच्या आवाजासरशी बंद झालं. तिच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. तिनं पूर्ण माळ म्हटली. खांदा ठणकत होता, आणि तेवढा ठणका तिला बराच वाटला.

त्याच संध्याकाळी इग्नात्सी पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिला. त्याची पाळी इतकी लांबली की मागचे खाकरायला लागले. बाहेर आला तो वेदीकडे गेला नाही. बायकोला हातानं खुणावून दाराबाहेर आला.

“फादर म्हणतात, ज्याचं नाव घालवलंस त्याच्याकडे आधी जा. ते परत केल्याशिवाय क्षमा मागू नकोस.”

“मग उद्या जाऊ.”

“तू नको. खांदा...”

“मीही गप्प बसलेय.”

गुरुवारी सकाळच्या बसनं दोघं गोर्लित्सेला गेली. सेवेरिन तिसऱ्या मजल्यावर राहत होता. दार त्यानंच उघडलं. अंगात शीतकपाटं दुरुस्त करणाऱ्या दुकानाचा डगला होता. घंटावाल्याला त्यानं लगेच ओळखलं. आत या म्हणाला नाही. इग्नात्सीनं सवयीनं हात पुढे केला. पण उंबऱ्यावरून हात मिळवणं अशुभ मानतात, आणि सेवेरिन उंबरा ओलांडून बाहेर आला नाही.

इग्नात्सीनं सांगितलं. अडखळत, पण सगळं. दोर, मोटार सोडवणं, चौथा टोला.

“मला माहीत होतं,” सेवेरिन म्हणाला. “मोटारीच्या तारा मी जोडतो तशा नव्हत्या. मी फादरांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, इग्नात्सी असं काही लपवणारा माणूस नाही.”

इग्नात्सीनं मान खाली घातली.

“पाच चर्चची कामं गेली माझी. बायको माहेरी जाऊन राहिली वर्षभर. आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय करू? मिठी मारू?”

“नको,” इग्नात्सी म्हणाला. “काय करायचं ते तू सांग.”

“लिहा. तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं. आणि चर्चच्या फलकावर लावा, सगळे येतात त्या दिवशी. मग बघू.” मग लेओकादियाकडे पाहून, जरा मऊपणानं, “आजी, खांद्याला काय झालं?”

“गाडी लागली, बाळा.”

“जपा,” तो म्हणाला आणि दार लावलं.

इग्नात्सीनं त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर चार कागद फाडले. पाचवा राहिला. लेओकादियानं तो वाचला नाही; तिनं फक्त त्याला लावायला टाचण्या काढून दिल्या.

सगळे येतात तो दिवस म्हणजे पवित्र शनिवार, ईस्टरचा आदला दिवस. अंडी, मीठ, पाव, सॉसेज आणि लोण्याचं कोकरू टोपलीत मांडून, वर भरतकामाचा रुमाल टाकून अख्खं गाव फादरांचा आशीर्वाद घ्यायला येतं. रांग चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत गेली होती, आणि फलक नेमका दाराशेजारी. माणसं टोपली हातात घेऊन थांबत, वाचत, मागे वळून बघत. इग्नात्सी टोपली धरून रांगेत उभा होता. लेओकादिया त्याच्या बाजूला.

गुस्ताव वाचून परत आला. “ए इग्नात्सी,” तो म्हणाला, “टोपलीत अंडी आहेत ना? जपून रे.” कुणी हसलं, कुणी हसलं नाही. इग्नात्सी म्हणाला, “म्हणूनच बायकोनं उकडून दिलीत.” यावर मात्र गुस्तावच हसला, थोडा.

रांग पुढे सरकली. फलकाजवळ नव्वदीची वालेरिया आजी उभी होती. कान गेलेले, चष्मा घरी विसरलेला. कागदाला नाक लावून तिला काही दिसेना. तिनं जवळचा पहिला माणूस धरला, आणि तो इग्नात्सी होता.

“काय लिहिलंय रे बाळा? सगळे बघतायत ते. वाच ना मला.”

लेओकादियानं टोपली त्याच्या हातातून घेतली. तिला वाटलं, आता हा म्हणेल, आजी, नंतर.

“मी, इग्नात्सी रेंबिश,” तो हळू म्हणाला, “आपल्या चर्चची घंटा...”

“काय? मोठ्यानं बोल! मला ऐकू येत नाही!”

रांगेतलं बोलणं थांबलं. मागे फाटकापर्यंत माना वळल्या. लेओकादियानं डोळे मिटले नाहीत. नवऱ्याच्या तोंडाकडेच बघत राहिली.

इग्नात्सीनं टोपी काढली, आजीच्या कानाशी वाकला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा, ओरडून, वाचायला लागला.